‘हेवी रेन’ चालतं, मग ‘हेवी विंड’ का नाही?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एक ताई बँकेच्या मुलाखतीची तयारी करतायत. सराव मुलाखतीत त्या म्हणाल्या, ‘देअर वॉज स्ट्राँग रेन.’ समोरच्याने दुरुस्त केलं, ‘हेवी रेन म्हणा.’ ताईंनी ते पक्कं लक्षात ठेवलं आणि पुढच्या वेळी वादळाबद्दल बोलताना ‘हेवी विंड’ म्हणाल्या. तर तेही चूक, वारा म्हणे ‘स्ट्राँग’. मग ताप? तो ना हेवी, ना स्ट्राँग, तो ‘हाय’. ताई वैतागून विचारतात, ‘मॅडम, नियम असेल तर सांगा, नसेल तर तसं तरी सांगा.’ जाता जाता त्यांनी आणखी एक विचारलंय, की मुंबईत भाड्याच्या घराला ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात ते बरोबर की चूक. त्याच्याकडे शेवटी येते.

पाठ करून सगळीकडे लावता येईल असा नियम नाही. पण अगदी अंधारात चाचपडायचीही गरज नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी पंचवीसहून जास्त वर्षं इंग्रजी शिकवतेय, उरलेल्या वेळात भाषांतरं करते. माझ्या लाल पेनाची शाई ज्या शब्दांवर सर्वांत जास्त संपली त्यांत ‘हेवी’ बराच वर येईल. म्हणून आज या एकाच शब्दाच्या मागे लागू.

आधी इंग्रजी बाजूला ठेवा आणि आपला ‘कडक’ घ्या. कडक ऊन, कडक चहा, कडक शिस्त, कडक इस्त्री, कडक उपास, कडक बंदोबस्त, कोरी कडक नोट. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परक्या माणसाला याचा अर्थ सांगून बघा. ‘मऊच्या उलट’ असं सांगितलंत तर कडक भाकरीपर्यंत निभेल, पण चहात मऊच्या उलट काय असतं? त्याने उद्या ‘कडक पाऊस’, ‘कडक अंधार’ म्हटलं तर तुम्ही हसाल आणि म्हणाल, अहो, पाऊस मुसळधार असतो, अंधार मिट्ट, वारा सोसाट्याचा, झोप गाढ, धुकं दाट. तो म्हणेल, नियम काय? रंगांचं तर विचारूच नका. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, लालभडक, पिवळाधमक. ‘हिरवाकुट्ट’ का नाही, याचं उत्तर तुमच्या आजीकडेही नसेल. तिने तसं कधी ऐकलं नाही, म्हणून ती तसं म्हणत नाही.

इंग्रजीत गेल्यावर या कडक मंडळींची पांगापांग होते. चहा ‘स्ट्राँग’ होतो, शिस्त ‘स्ट्रिक्ट’, नोट ‘क्रिस्प’, बंदोबस्त ‘टाइट’, ऊन ‘स्कॉर्चिंग’. तुम्ही मराठीत हे सगळं एकदाही न चुकता करता, आणि ते कोणी शिकवलेलं नाही. इंग्रजीत तेच करायचंय, फक्त तिथे आजी नाही.

या प्रकाराला भाषाशास्त्रात ‘कोलोकेशन’ म्हणतात. वर्गात मी त्याला शब्दांची सोयरीक म्हणते. कोणाची कोणाशी जमते आणि कोणाशी अजिबात जमत नाही. हा विचार ठामपणे मांडणारे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला, पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. शब्द ओळखायचा तर तो कोणाच्या सोबतीत वावरतो ते बघा, या अर्थाचं त्यांचं १९५७ मधलं वाक्य आजही जो तो उद्धृत करतो. त्यांचे शिष्य हॅलिडे यांनी नेमकं चहाचंच उदाहरण घेतलं होतं: चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो, आणि गाडी मात्र ‘पॉवरफुल’ असते. अर्थ जवळजवळ तोच, तरी सोयरीक वेगळी.

आता तुमची ‘स्ट्राँग रेन’ कुठून आली ते सांगते. ती ‘जोर’मधून आली. मराठीत पाऊस जोरात पडतो, वारा जोरात सुटतो, गाडी जोरात पळते, शेजारचा टीव्ही जोरात लागलेला असतो आणि भूकही जोराची लागते. एका ‘जोरा’वर आपलं अर्धं आयुष्य भागतं. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’, गाडी ‘फास्ट’, टीव्ही ‘लाउड’, आणि भुकेला तर विशेषण न लावता सरळ ‘व्हेरी हंग्री’. म्हणजे चूक शब्दार्थाची नव्हतीच. जिथे आपण एक शब्द वापरतो तिथे इंग्रजीने पाच ठेवलेत, आणि डोक्यातल्या ‘जोरा’ला पहिला सापडलेला इंग्रजी शब्द तुम्ही चिकटवलात. सगळेच चिकटवतात. मीही चिकटवलेत, त्यातला एक किस्सा पुढे येईलच.

मग ‘हेवी’ कुठे बसतो? नुसता अर्थ विचाराल तर ‘जड’. पण पावसाचं वजन कोणी करत नाही. मी मुलांना एक चित्र डोळ्यांसमोर ठेवायला सांगते: वरून काहीतरी भरपूर प्रमाणात पडतंय, किंवा दाटीने येऊन साचतंय, आणि त्याचा भार खालच्यावर येतोय. पाऊस पडतो, ‘हेवी रेन’. बर्फ पडतो, ‘हेवी स्नो’. पहाटे गवतावर दव साचतं, ‘हेवी ड्यू’. रक्तस्राव खूप झाला तर ‘हेवी ब्लीडिंग’. रस्त्यावर गाड्यांची दाटी, ‘हेवी ट्रॅफिक’. वारा असा पडत नाही, साचत नाही. त्याच्यात आतून रेटा असतो. जिथे आतून रेटा, तिथे बहुधा ‘स्ट्राँग’ येतो: वारा, नदीचा प्रवाह, वास, चहा, मत, युक्तिवाद. आणि जे मोजपट्टीवर चढतं-उतरतं ते ‘हाय’: ताप, रक्तदाब, वेग, व्याजदर. थर्मामीटरमधला पारा वर चढतो हे आठवलं की ‘हाय फीव्हर’ कधी विसरायला होत नाही.

हे चित्र म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या बातम्यांत ‘हेवी विंड्स’ अधूनमधून दिसतं, तुमच्या मुलाखत घेणाऱ्याला ते माहीत नसावं. ‘हेवी फॉग’ही दिसतं, तरी ‘थिक’ किंवा ‘डेन्स’ जास्त रुळलेलं. खवळलेल्या समुद्राला ‘हेवी सीज’ म्हणतात, तेही अनेकवचनात. पण मुलाखतीत अपवाद दाखवायला जाऊ नका, ‘स्ट्राँग विंड’च म्हणा.

पावसाच्या बाबतीत तर ‘हेवी’ हे नुसतं विशेषण राहिलेलं नाही, त्याला आकडा चिकटलाय. भारतीय हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर ‘हेवी’, ११५.६ ते २०४.४ पर्यंत ‘व्हेरी हेवी’, आणि २०४.५ च्या पुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. त्याखाली ‘मॉडरेट’ आणि ‘लाइट’. आपल्याकडे पीक नुकसानीच्या पंचनाम्यात ६५ मिलिमीटरवर ‘अतिवृष्टी’ धरतात, ती साधारण याच उंबरठ्यावरची. म्हणजे हवामानाच्या बातमीचं भाषांतर करताना ‘हेवी’ला एकदा ‘जोरदार’, एकदा ‘मुसळधार’ आणि एकदा ‘धुवाधार’ असं मनाला येईल तसं लिहून चालत नाही; पायरी बदलते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यालाही वर्गवारीत शब्द एकच, ‘एक्स्ट्रीमली हेवी’, आणि २०५ मिलिमीटरलाही तोच.

ट्रॅफिककडे जरा थांबते, कारण इथे भाषांतरवाल्यांचा पाय हमखास घसरतो. मराठीत ‘जड वाहतूक’ किंवा ‘अवजड वाहतूक’ म्हणजे ट्रक, ट्रेलर, टँकर. पावसाळ्यात वरंधा घाटासारख्या रस्त्यांवर ‘अवजड वाहतूक बंद’ अशा सूचना लागतात. त्याचं ‘हेवी ट्रॅफिक क्लोज्ड’ केलेलं मी स्वतः तपासलंय. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळेल की गाड्यांची गर्दी होती, ती आता बंद झाली. तिथे ‘हेवी व्हेइकल्स’ हवं. उलट्या बाजूनेही तेच: ‘वी गॉट स्टक इन हेवी ट्रॅफिक’ याचं ‘आम्ही अवजड वाहतुकीत अडकलो’ असं भाषांतर वर्तमानपत्रात वाचलं की दात करकरतात. ‘गर्दीत अडकलो’, नाहीतर सरळ ‘ट्रॅफिकमध्ये अडकलो’ म्हणा की!

माणसांच्या बाबतीत ‘हेवी’ गमतीदार वागतो. ‘हेवी स्मोकर’ म्हणजे जाडा माणूस नव्हे, खूप सिगारेटी ओढणारा. वजन माणसाचं नसतं, त्याच्या सवयीचं असतं. म्हणूनच वाक्य उलटं फिरवलं की अर्थ पार बिघडतो: ‘द स्मोकर इज हेवी’ म्हटलंत तर तो जाडाच झाला. ‘हेवी स्लीपर’ म्हणजे ढोल वाजवले तरी न उठणारा. ‘द स्लीपर इज हेवी’ म्हटलं तर रेल्वेरुळाखालचा स्लीपर उचलल्यासारखं वाटतं. मजा अशी की गाढ झोप स्वतः मात्र ‘डीप स्लीप’ किंवा ‘साउंड स्लीप’. झोपणारा तेवढा ‘हेवी’. खूप खाणाऱ्याला मी ‘बिग ईटर’ शिकवते, तेच जास्त कानावर पडतं.

आणि ‘हेवी ड्रिंकर’. एका मुलीने उन्हाळ्यावर निबंध लिहिला होता, नेटका, अक्षर मोत्यासारखं. ताक, पन्हं, कोकम सरबत, माठातलं पाणी, सगळं आलं होतं. शेवटी वाक्य: ‘इन समर, ऑल माय फॅमिली मेंबर्स बिकम हेवी ड्रिंकर्स.’ काय पितात ते सांगितलं नाही तर इंग्रजीत ‘ड्रिंक’ म्हणजे दारू, आणि ‘हेवी’ लागला की संशयाला जागाच राहत नाही. मी वर्गात वाचून दाखवलं नाही. तिला बोलावून सांगितलं, तर तीच इतकी हसली की पुढच्या तासाला तिने स्वतः उभं राहून सगळ्यांना सांगितलं.

यातून एक गोष्ट लक्षात आली असेल. ‘हेवी’ची संगत फारशी चांगली नाही. दंड झाला तर ‘हेवी फाइन’, नुकसान ‘हेवी लॉसेस’, युद्धातली मनुष्यहानी ‘हेवी कॅज्युअल्टीज’, मोठा पराभव ‘हेवी डिफीट’, करांचा बोजा ‘हेवी टॅक्सेस’. शेअर बाजार गडगडतो तो ‘हेवी सेलिंग’मुळे. दंड, कर, नुकसान, सगळे आपल्या अंगावर येऊन पडणारे. आनंद ‘हेवी’ नसतो, यश नसतं, ज्ञान नसतं, अनुभव नसतो. मुलाखतीत ‘आय हॅव हेवी एक्सपिरियन्स’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल बाईंना अनुभवाचं ओझं झालंय. ‘एक्स्टेन्सिव्ह एक्सपिरियन्स’ म्हणा, किंवा सरळ किती वर्षं ते सांगा. ‘हेवी नॉलेज’ नको, ‘गुड नॉलेज’ पुरतं. स्पर्धा ‘हेवी’ म्हटलेली कुठे कुठे दिसेल, पण ‘स्टिफ कॉम्पिटिशन’ कानाला जास्त बरं लागतं. ‘हेवी वर्कलोड’ मात्र बिनदिक्कत वापरा, बँकेत तो मिळेलच.

किमतीचं बघा. दुकानातल्या वस्तूची किंमत ‘हाय प्राइस’. पण एखाद्या चुकीची जबर किंमत मोजावी लागली तर ‘पे अ हेवी प्राइस’. एकच ‘प्राइस’, पण पहिली मोजपट्टीवर चढलेली आणि दुसरी डोक्यावर पडलेली. हे उदाहरण मी दरवर्षी देते, कारण ते कळलं की मुलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ‘अच्छा!’ उमटतं.

दुखण्यांत तेवढं सांभाळा. डोकेदुखी ‘हेवी’ नसते, ‘बॅड हेडेक’ किंवा ‘सिव्हिअर’. वेदना ‘सिव्हिअर पेन’. खोकला ‘बॅड कफ’. सर्दी ब्रिटिश लोकांत ‘हेवी कोल्ड’ चालते, पण ‘बॅड कोल्ड’ जगभर चालते.

‘हेविली’ हे क्रियाविशेषण मूळ शब्दाहून जास्त मोकळं वागतं. ‘इट रेन्ड हेविली’ आहेच. ‘हेविली इन डेट’, कर्जात बुडालेला, हे बँकवाल्यांना लागेल. ‘रिलाय हेविली ऑन’, ‘इन्व्हेस्ट हेविली इन’, ‘हेविली आर्म्ड’, ‘हेविली इन्फ्लुएन्स्ड बाय’. इथे वाईट संगतीचा वास बराच कमी होतो. गुंतवणूक भरपूर केली यात वाईट काय? आणि ‘हेविली प्रेग्नंट’, म्हणजे आपण जिला दिवस भरत आलेली म्हणतो ती. कोशात ‘हेविली’ समोर काहीही लिहिलेलं असो, त्यावरून हा अर्थ कोणाला बांधता येणार नाही. तो जोडीनेच शिकावा लागतो. मात्र शिफारस ‘हेविली’ करत नाहीत. ‘स्ट्राँगली रेकमेंड’ किंवा ‘हायली रेकमेंड’. ही चूक मी प्राध्यापकांच्या शिफारसपत्रांतही बघितलीय.

उलट शब्द शोधायला गेलात की सोयरीक पुन्हा दिसते. ‘हेवी’च्या उलट ‘लाइट’ हे शाळेतलं उत्तर. पाऊस, ट्रॅफिक, जेवण, झोपणारा, यांना ते लागू पडतं: ‘लाइट रेन’, ‘लाइट ट्रॅफिक’, ‘लाइट मील’, ‘लाइट स्लीपर’. क्रिकेटच्या मैदानावर कर्णधार ‘हेवी रोलर’ मागतो किंवा ‘लाइट रोलर’, तेही बरोबर. पण ‘हेवी फाइन’च्या उलट ‘स्मॉल फाइन’, ‘हेवी ॲक्सेंट’च्या उलट ‘स्लाइट ॲक्सेंट’, ‘हेवी कोल्ड’च्या उलट ‘स्लाइट कोल्ड’. तेव्हा ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ हा प्रश्न सुट्या शब्दाला विचारणंच मुळात अर्धवट आहे. पण परीक्षेत तो येतो, आणि मार्कही मिळतात, त्याला कोण काय करणार.

आता ‘जड’ची बाजू. काही जागी आपला ‘जड’ आणि त्यांचा ‘हेवी’ अगदी गळ्यात गळे घालून चालतात. ‘जड अंतःकरणाने’ म्हणजे ‘विथ अ हेवी हार्ट’. मधला ‘अ’ विसरायचा नाही, आणि हे दोन दिवसांच्या रजेच्या अर्जात वापरायचं नाही. कोणी गेल्यासारखं वाटतं. पचायला जड जेवण, ‘हेवी मील’. रसायनशास्त्रातले जड धातू, ‘हेवी मेटल्स’. अवजड उद्योग, ‘हेवी इंडस्ट्री’. एवढं जुळताना बघून माणूस गाफील राहतो आणि पुढच्याच वळणावर आपटतो. ‘मला गणित जड जातं’ याचं ‘मॅथ्स गोज हेवी टु मी’ होत नाही, ‘आय फाइंड मॅथ्स डिफिकल्ट’. जवळचा वाक्प्रचार इंग्रजीत आहे, ‘हेवी गोइंग’. एखादं पुस्तक रेटून रेटून वाचावं लागलं तर ते ‘हेवी गोइंग’. घोड्यांच्या शर्यतीत पावसाने भिजून चिखल झालेल्या धावपट्टीला ‘हेवी’ म्हणतात, टापा रुततात. तेच चित्र इथे आहे. आपल्या ‘जड जाणं’मध्ये चिखल नाही, नुसतं ओझं.

सर्वांत मोठा आपट मात्र पाण्याने दिला. सांगोल्याकडचा एक विद्यार्थी, वरच्या साहेबांना इंग्रजीतून अर्ज द्यायचा म्हणून मसुदा घेऊन आला. गावच्या बोअरचं पाणी पिण्यालायक नाही, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. सगळं नीट लिहिलं होतं. आणि विषय होता: ‘हेवी वॉटर इन अवर व्हिलेज बोअर’. आपण बोलताना म्हणतोच, बोअरचं पाणी जड आहे. पण इंग्रजीत ‘हेवी वॉटर’ म्हणजे अणुभट्टीत लागतं ते, साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं. साध्या पाण्यापेक्षा साधारण ११ टक्के जास्त घनतेचं. ते बनवण्याचा कारखाना आपल्याकडे रायगड जिल्ह्यात थळला आहे. मी त्याला म्हटलं, ‘अरे, हे तुझ्या बोअरला लागलं असेल तर अर्ज पाणीपुरवठ्याला कशाला, अणुऊर्जा खात्यालाच द्यायचा ना!’ त्याच्या पाण्याला इंग्रजीत ‘हार्ड वॉटर’. पाठ्यपुस्तकातला ‘दुष्फेन’ त्याला आठवत होता, पण दुष्फेनवरून ‘हार्ड’पर्यंत कोण पोचणार? घरात ज्याला जड म्हणतात त्यावरूनच तो ‘हेवी’पर्यंत गेला. मी त्याच्या जागी असते तर मीही गेले असते.

गेले होतेच, म्हणा. नवीन नोकरीत असताना एका सहकारी संस्थेच्या कार्यक्रमात परदेशी पाहुण्यांसमोर दोन शब्द इंग्रजीत बोलायचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्ष तालुक्यातले वजनदार नेते. मी आत्मविश्वासाने म्हणाले, ‘ही इज अ व्हेरी हेवी लीडर ऑफ अवर एरिया.’ अध्यक्ष खुर्चीत जेमतेम मावत होते, त्यामुळे पाहुण्यांना वाक्यात काही खटकलं असेल असं वाटत नाही. ते नुसते चकित दिसले, की हे व्यासपीठावरून का सांगावं. ‘इन्फ्लुएन्शियल लीडर’ म्हणायचं होतं. ‘पोलिटिकल हेवीवेट’ही चाललं असतं. बघा, ‘हेवी’ चालत नाही आणि ‘हेवीवेट’ चालतं. तो शब्द कुस्ती-मुष्टियुद्धाच्या आखाड्यातून आलेला, त्यामुळे त्यात चरबी नसून ताकद ऐकू येते.

शिकायचं कसं, तर विशेषणाची यादी करू नका. वहीत नाम आधी लिहा. ‘रेन’ लिहिलं की त्याच्यापुढे हेवी, लाइट, टोरेन्शियल. आणि क्रियापदंही: पाऊस ‘फॉल्स’, ‘लॅशेस’, ओसरला तर ‘ईजेस’, उघडला तर ‘स्टॉप्स’ किंवा ‘लेट्स अप’. पाऊस उघडला म्हणून ‘रेन ओपन्ड’ लिहिणारेही भेटलेत. नामापासून सुरुवात करायची कारण बोलताना आपल्याला आधी नामच सुचतं. पावसाबद्दल सांगायचंय हे ठरलेलं असतं, अडतं ते विशेषणापाशी. शंका आली तर शब्दसंग्रहात बघा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस नावाचा साठा आहे, खऱ्या लिखाणातले आणि संभाषणातले मिळून सुमारे दहा कोटी शब्द. त्यात ‘हेवी’ शोधला की उजवीकडे कोण कोण बसलेलं आहे ते ओळीने दिसतं. मी भाषांतर करताना तो उघडाच ठेवते. कोश अर्थ सांगतो, हा शेजार दाखवतो. आणि रोज पाचपेक्षा जास्त जोड्या घेऊ नका. पन्नास घेणारे आठवड्यात वही सोडतात, हे इतक्या वर्षांत कधी चुकलेलं बघितलं नाही.

राहिला ‘हेवी डिपॉझिट’. हे इंग्रजी आपलं आहे. मुंबईत दलालापासून घरमालकापर्यंत सगळ्यांना कळतं: एकरकमी मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं नाही किंवा नाममात्र, घर सोडताना रक्कम परत. ‘हेवी साडी’ही त्याच कुळातली, आपण भरजरी किंवा भारीतली साडी म्हणतो, तो ‘भारी’ तिथे ‘हेवी’ होऊन बसला. इथे बोलताना दोन्ही खुशाल वापरा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बँकेच्या मुलाखतीत मात्र ‘लार्ज डिपॉझिट’ म्हणा, कारण तिथे डिपॉझिट या शब्दाला आधीच दुसरं काम आहे. आणि परदेशी लिहिताना नुसता शब्द बदलून भागत नाही. माझ्या भाचीने इंग्लंडमधल्या मैत्रिणीला लिहिलं होतं, ‘वी हॅव टेकन अ फ्लॅट ऑन हेवी डिपॉझिट.’ मैत्रिणीचं उत्तर आलं, घर विकत घेतल्याबद्दल अभिनंदन. भाचीने ‘हेवी’ खोडून ‘लार्ज’ करून पाठवलं, तर मैत्रीण विचारते, मग भाडं किती? शेवटी तिला चार ओळी लिहून सगळी पद्धतच समजावून सांगावी लागली.